दिवाणाची खालची बाजू

भद्रावतीत माझं फर्निचरचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक आयुधनिर्माणीच्या वसाहतीतलं. बदली होऊन जाणाऱ्याला इथलं सागवान सोबत न्यायचंच असायचं, आणि नवीन आलेल्याला घरात सागवान आल्याशिवाय आपण चंद्रपूर जिल्ह्यात आलो असं वाटायचं नाही. त्यामुळे दुकान बरं चाललं होतं. मग एका सकाळी वनखात्याची जीप दारात उभी राहिली. माझा भागीदार लिलावातलं म्हणून जे लाकूड आणत होता ते एका टोळीकडून येत होतं. टोळी म्हणजे रीतसर कारभार होता. तोडणारे वेगळे, बैलगाडीवाले वेगळे, वनखात्याचा खोटा शिक्का मारणारे वेगळे. भागीदार पळाला, मी सापडलो.

माझा यात हात नाही हे वनखात्याच्या साहेबांना पटेपर्यंत अख्खा पावसाळा गेला. मला स्वतःला ते अजून पुरतं पटलेलं नाही. दुकानाला लावलेलं कुलूप काढताना साहेब म्हणाले, पुन्हा चोरीचा एक ओंडका सापडला तर दुकान कायमचं बंद. आणि भागीदाराशिवाय तर ते तसंही बंदच होतं. डेपोतल्या लिलावात बोली लावणं मला जमत नाही. एकदा गेलो होतो, तेव्हा घाबरून स्वतःच्याच बोलीवर पुन्हा बोली चढवली होती.

आरमोरीकडच्या एका माणसाचं नाव कुणीतरी सुचवलं. लिलावात लाकूड घेणारा, मुरलेला. बायको म्हणाली, "एकटे जाऊ नका. दादाले न्या. पोरगी द्याच्या वेळेस करते तशी चौकशी करा."

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. घरातल्या सगळ्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या, आणि मोडलेल्या त्याहून जास्त. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी मला शिकवणी दिली.

"जवाई, आधी चहाच्या टपरीवर विचाराचं. मग न्हाव्याले. मग घरी जाऊन पाणी मागाचं, अन् पाणी येईपर्यंत घर पाहून घ्याचं."

"आणि पाणी लवकर आलं तर?"

"आणखी एक गिलास मागाचा."

टपरीवाला म्हणाला, "तो भाऊ? साधा माणूस."

दादांनी मला बाजूला घेतलं. "साधा म्हणून राह्यला. म्हणजे घाबरते त्याले."

न्हाव्यानं सांगितलं, की फार चिक्कू आहे आणि शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडतो. यावर दादा खूश झाले. "टोळीचा माणूस शेजाऱ्याशी भांडत नाई. शेजारीच भांडत नाई त्याच्याशी." हिशेब बरोबरीत सुटला असं धरून आम्ही घराकडे निघालो.

त्या भागात लाकूड किती सहज वापरतात हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. गोठ्याचे खांब सागाचे, गुरांची गव्हाणही सागाची. या माणसाच्या घराला मात्र टिनाचं दार होतं. आत लोखंडी खाट आणि प्लास्टिकच्या लाल खुर्च्या. चौरंगसुद्धा लोखंडी, वर ऑइलपेंट दिलेला. दादांनी तीन गिलास पाणी पिऊन घर पाहिलं. मग माझ्या कानाशी लागले.

"जवाई, लाकडाचा धंदा अन् घरात लाकडाचा तुकडा नाई. काहीतरी लपवून राह्यला हा."

"घरभर लाकूड असतं तर?"

"तर चोरीचं म्हटलं असतं. चौकशी अशीच असते."

तो माणूस पन्नाशीचा, किडकिडीत, शांत. आमची कुजबुज त्याला ऐकू गेली असावी. मी लाजलो. ज्याच्या घरचं पाणी पितो आहोत त्याच्याबद्दलच असं बोलायचं. मी सरळच विचारलं, "भाऊ, घरात लाकूड कसं नाही?"

"गावात कुठीबी चोरी झाली की झडती सगळ्याइच्या घरी होते," तो म्हणाला. "लाकूड असलं की अर्धा दिवस जाते. कुठून आणलं, कवा आणलं. नसलं की दारातूनच जातेत. चहाबी वाचते."

चिक्कू आहे, एवढं तर सिद्ध झालं. मला माणूस आवडला. मी भागीदारीचं बोललो. तो म्हणाला, "तुमी माह्यं घर पाह्यलं. आता मी तुमचं पाहीन. मंग बोलू."

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादांनी इतक्या मुली दाखवल्या होत्या, पण मुलाकडचेही मुलीचं घर पाहायला येतातच, हे तेवढ्यापुरतं विसरले होते.

तो आला तेव्हा दादा मुद्दाम हजर राहिले. बायकोनं पोहे केले होते. बैठकीत आमचा दिवाण होता, लग्नात सासऱ्यांनी दिलेला. रुंद, जड, चार माणसांनी उचलावा असा. सासरे गेल्यावर बायको रोज स्वतःच्या हातानं तो पुसायची, मला फडकं मारू द्यायची नाही. आम्ही त्याला दिवाणावर बसा म्हणालो. तो बसला नाही. वाकून त्यानं खालून हात फिरवला, मग सरळ फरशीवर आडवा होऊन खाली पाहू लागला.

"बाई, हा कुठचा?"

"माह्या बाबानं दिला. लग्नातला."

"खालून आरा नाई लागला याले. लिलावातलं लाकूड आऱ्यावरच जाते, हा कुऱ्हाडीनं तासला आहे. जंगलातच तासून आणलेलं लाकूड हे."

मीही फरशीवर आडवा झालो. घाव अगदी स्पष्ट दिसत होते. फर्निचरचा दुकानदार मी, आणि इतकी वर्षं त्या दिवाणावर झोपलो, त्याच्यावरच पडून पळालेल्या भागीदाराच्या नावानं बोटं मोडली. पाठीखाली काय आहे हे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

बायकोनं दादांकडे पाहिलं. "दादा, हा तुनंच आणला होता ना?"

दादांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "वरातीच्या ट्रकात. मांडवाच्या कापडाखाली." मग म्हणाले, "तवा सगळेच आणत होते."

मी अजून फरशीवरच होतो. उठून कुणाच्या तोंडाकडे पाहावं हे ठरत नव्हतं. दुकान गेलं असंच मी धरून चाललो होतो. शेवटी बायकोच बोलली.

"चोरीचाच आहे म्हणा. पण मी देणार नाई. बाबाची तेवढीच वस्तू आहे माह्याजवळ."

त्या माणसानं पोहे संपवले. पाणी प्यायला. "दुकानात असता तर मी उठून गेलो असतो," तो म्हणाला. "घरातला बाईचा. पण मी त्याच्यावर बसणार नाई. अन् दुकानात येणारा एकेक ओंडका दोघाइनं पाहाचा. वरून, खालून."

"म्हणजे भागीदारी?" मी फरशीवरूनच विचारलं.

"चौकशी केली मी. तुमच्या पानठेल्यावर विचारलं. साधा माणूस म्हणे."

मी आणि दादांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुकान चाललं. ओंडका आला की आम्ही दोघं त्याच्याभोवती उकिडवे बसून शिक्का, टोकं, साल पाहायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, पूजा चालली आहे. हा नवा भागीदार घरी आला की दिवाणाकडे पाठ करून फरशीवर बसायचा. पुढे त्याचे गुडघे धरले, तेव्हा त्यानं एसटीच्या टपावर टाकून आपल्या घरची एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि आमच्या बैठकीत ठेवली.

मी तेव्हापासून लोखंडी खाटेवर झोपतो. बायको दिवाणावर, निवांत. दादा आले की तेही दिवाण टाळतात आणि त्या लाल खुर्चीकडे जातात. बायको त्यांना उठवते.

"दादा, ते भाऊची आहे. तू आपल्या दिवाणावर बस."