भिंतीतून येणारा आवाज

आमच्या बियाणं कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसात आम्ही एकमेकांशी नीट बोलत नाही, असा शोध वरच्या कुणाला तरी लागला. त्यावर उपाय म्हणून एका शनिवारी साहेबांनी आम्हा चौघांना गाडीत घातलं आणि अमरावतीला नेलं. तिथल्या एका मॉलमध्ये पैसे देऊन स्वतःला कोंडून घेता येतं. सगळ्यांनी मिळून कोडी सोडवली तर दार उघडतं. पन्नाशीला आल्यावर हा पोरखेळ कशाला, म्हणून मी सकाळपासून चिडलो होतो. खरं तर भ्यालो होतो.

माझा डावा कान काही वर्षांपूर्वीच गेला, आणि आता उजवाही त्याच वाटेला लागलाय. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो. माझं काम शेतकऱ्यांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं. ते गेलं तर या वयात मला दुसरं कोण देणार? म्हणून मीटिंगमध्ये नेमकी खुर्ची धरायची, बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवायची, सगळे हसले की आपणही हसायचं. दमून जातो माणूस.

पहिल्या दोन खोल्या निभावल्या. तिसरीत मिट्ट काळोख. भिंती घालून पाच खण केलेले, प्रत्येकात एकेक जण. पहिल्याला आकडे दिसणार. ते त्याने जाळीतून पुढच्याला सांगायचे, त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटच्या खणात साहेब आणि कुलूप. मोठ्याने बोललं की आकडे बदलणार, म्हणून सगळं कुजबुजत. मी नेमका मधोमध. शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसं जाळीतून काहीतरी येत होतं. मी कान जाळीला चिकटवला, श्वास धरला. एकही आकडा हाती लागेना, आणि अंदाजाने ठोकून द्यायची हिंमत होईना. शर्ट घामाने भिजला.

"अहो, मधात कोण झोपलं?" साहेब ओरडले. ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

वेळ संपली, दिवे लागले. साहेबांचा चेहरा उतरला होता. मी काही बोलणार, तोच माझ्या आधीच्या खणातली बाई पुढे झाली. ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तेल्हाऱ्याची, फटकळ, मला भाऊ म्हणते.

"माह्याच्यानंच गडबड झाली साहेब. आकडे ध्यानातच नाही राहिले."

खाली उतरून सगळे गिला वड्याच्या गाडीवर गेले. तिने मला बाजूला बोलावलं आणि वळसा घालून माझ्या उजव्या हाताला उभी राहिली. म्हणजे माझा कोणता कान चालतो, हे तिला ठाऊक होतं.

"भाऊ, वर्षभरापासून तुमचे फोन मी घेऊन राहिली. माईत हाय का तुमाले?"

मला वाटायचं, लोक हल्ली मोबाईलवर फोटो पाठवतात, म्हणून फोन कमी झाले.

"अकोटच्या एका बाईनं तुमाले तीनदा सांगतलं, बियाणं उगवलं नाही म्हणून. तुमी बरं बरं म्हणून फोन ठेवून देला. मंग माह्यापाशी रडली थे बाई. तवापासून वळवले मी."

मला राग आला, तिचाच. न विचारता कुणी दया केली की येतो तसा.

"काहून केलं हे? मी म्हटलं होतं का तुमाले?"

"नाही म्हटलं. पण आता माह्याच्यानं नाही होत भाऊ. माहं काम मी घरी नेऊन करून राहिली. साहेबाले तुमी सांगता, का मी सांगू?"

"मीच सांगतो."

साहेब रस्त्याच्या कडेला प्लेट घेऊन उभे होते. ऑटो, हॉर्न, तळणाची चरचर. मी जवळ गेलो, ती मागोमाग आली, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला काहीतरी विचारलं. तोंडात घास होता, ओठ वाचता येईनात. सवयीने मी तिच्याकडे पाहिलं. ती सांगायला गेली, आणि मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

साहेब उत्तराची वाट पाहत होते.

"साहेब," मी म्हणालो, "मले ऐकू नाही येत."