कडेची प्यादी

अमरावतीच्या ऑटो स्टँडजवळ मी भाजी विकते. तिथे ऑटोवाल्यांचा बुद्धिबळाचा पट असतो आणि नियम एकच, हरेल त्याने उठायचं. संत्र्याच्या पेट्या भरणारी एक बाई रोज वरूडची बस लागेपर्यंत तिथे खेळायची. नाव मी विचारलं नाही. ती माझी भाजी कधी घेत नव्हती. पदर कमरेला खोचून बसायची आणि सुरुवात नेहमी कडेच्या प्याद्यांनी करायची.

एकदा बुद्धिबळाचा क्लास घेणारे एक सर तिच्यासमोर बसले. तिची पहिली चाल पाहून हसले.

"बाई, आधी मधली प्यादी काढतात. हरलात तर या पटावर पुन्हा बसू नका."

"नाई बसत," ती म्हणाली. "पन पेटी कोपऱ्यापासून भरा लागते, सर. मधात मंग."

सरांनी मधली घरं धरली. तिने दोन्ही कडांनी हत्ती पुढे आणले, वर राजाही बाहेर काढला. मला वाटलं, गेली बाई. तेवढ्यात हत्ती मध्ये घुसले आणि सरांच्या राजाला हलायला जागा उरली नाही.

सर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तरी तुमची सुरुवात चुकीचीच होती."

मी चौथी शिकले. शिकलेला माणूस हरल्यावरही शिकवतो, हे त्या दिवशी पाहिलं.

बाईने मोहरे पुन्हा मांडायला घेतले.

"हो सर, चुकलंच माहं. आता उठा."