खोडलेले वाक्यही वाचता आले पाहिजे

आदरणीय वत्सला पगारे बाई साठ वर्षांच्या होत आहेत, त्यांच्या गौरवग्रंथासाठी तुम्ही लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा खरे सांगायचे तर मला आधी धडकीच भरली. बाई हे वाचणार! मी आज कळवणच्या एका शाळेत मराठी शिकवते, रोज फळ्यावर लिहिते. पण जो कागद बाईंच्या हातात जाणार आहे, त्यावर पहिला शब्द लिहिताना माझे तळहात अजूनही ओले होतात.

बाईंची ओळख झाली तीसुद्धा अशाच भीतीत. वडिलांना सातपूरच्या कारखान्यात काम मिळाले, म्हणून आम्ही सटाण्याजवळच्या आमच्या गावातून नाशिकला आलो. मला आठवीत नव्या शाळेत घातले. आमच्या घरात अहिराणी. वर्गात तोंड उघडले की मुली हसायच्या, म्हणून मी बोलणेच सोडून दिले होते. लिहिणे मात्र सोडता येत नव्हते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ‘माझे घर’ या विषयावर दहा ओळी लिहून घेतल्या आणि मी घाईत ‘आहे’च्या जागी घरचा शब्द लिहून गेले, ‘आमच्या घराला एकच खिडकी शे.’ वह्या परत मिळायचा दिवस आला. बाई माझ्या बाकापाशी आल्या, खाली वाकल्या आणि मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हा ‘शे’ घरचा ना? आजीला पत्र लिहिशील तेव्हा असाच ठेव, तिला बरं वाटेल. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिशील तेव्हा बदल. आपलं लिहिलेलं कोण वाचणार, ते आधी ठरवायचं.”

शालेय लेखनाचे सारे प्रकार बाईंनी आम्हाला याच एका प्रश्नावर शिकवले. शाळेच्या नळाला पाणी येत नाही, ही एवढीशी गोष्ट. तीच मावशीला पत्रात कशी सांगाल, अर्जात कशी मांडाल, बातमीत पहिली ओळ कोणती असेल, निबंधात तिचे काय होईल? इतर वर्गांत मुले नमुने पाठ करत. बाईंच्या वर्गात तेवढ्याने सुटका नसे. प्रत्येक लेखन दोनदा करायचे, आधी कच्चे आणि मग पक्के. कच्च्या वहीत खोडरबर चालत नसे. नको असलेल्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारायची. “खोडलेलं वाक्यही वाचता आलं पाहिजे,” बाई म्हणत. “आपण काय काढलं आणि का काढलं, हे आपल्याला ठाऊक हवं.” तेव्हा मला तो उगाच जाच वाटायचा.

आता नववीतला तो प्रसंग. तो मी आजवर कुठेच लिहिलेला नाही.

आमच्या शाळेच्या गच्चीकडे जाणारा एक अरुंद लोखंडी जिना होता. त्याच्या दाराला नेहमी कुलूप असे. एका बुधवारी मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी त्या दारातून वर गेली आणि जिन्यावरून पडली. तिचा हात मोडला, डोक्याला मार लागला, दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. दार उघडे कोणी ठेवले? किल्ली शिपाई निवृत्तीकाकांकडे असायची, म्हणून सगळ्यांनी त्यांचेच नाव घेतले. त्या आठवड्यात आम्हाला बातमीलेखन चालू होते. मी हाच विषय घेतला. ‘शिपायाच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनी गंभीर जखमी’ असा मथळा दिला. बातमी भक्कम व्हावी म्हणून ‘दार सकाळपासून सताड उघडे असल्याचे प्रस्तुत वार्ताहराने स्वतः पाहिले’ असेही ठोकून दिले. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले आणि ती वर्गाबाहेरच्या फलकावर लावली. आयुष्यात पहिल्यांदा माझे लिखाण भिंतीवर लागले होते.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचे चिटणीस शाळेत आले. त्यांनी फलक वाचला आणि ती बातमी काढून नेली. शनिवारी शाळाभर झाले, की निवृत्तीकाकांना काढणार, नववीतल्या मुलीने डोळ्यांनी पाहिले आहे.

ती मुलगी मी. आणि मी काहीच पाहिलेले नव्हते.

रविवार कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी ताट तसेच ठेवून उठले. आईने दोनदा विचारले, “काय व्हयनं व माय?” शेवटी मी तिला सगळे सांगितले. ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “बाईले खरं सांगी टाक.” पण खरे सांगितले तर मला शाळेतून काढतील, वडिलांना बोलावतील, पुन्हा गावी जावे लागेल, हेच माझ्या डोक्यात घोळत होते.

सोमवारी प्रार्थनेआधी मी बाईंसमोर उभी राहिले आणि शब्द फुटण्याआधीच रडू फुटले. सगळे ऐकून बाई रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला. “कच्ची वही आण,” एवढेच म्हणाल्या. वहीत रेघ मारलेले एक वाक्य होते, ‘दाराची कडी तुटलेली असून ती सुतळीने बांधलेली होती.’ हे मी खरोखर पाहिले होते, अपघाताच्या चार दिवस आधी. मथळ्याशी जुळत नाही, म्हणून खोडले होते.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचले. मग मला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. चिटणीस तिथे होते, निवृत्तीकाका भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

“सर, चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मी मुलीचं कच्चं न बघताच बातमी भिंतीवर लावली.”

“अहो बाई, मुलीचा निबंध तो,” चिटणीस वैतागले. “त्याचं एवढं काय मनावर घेता?”

“निबंध आहे ना? मग त्यावरून माणसाला काढू नका.”

बाईंनी मला खुर्चीवर बसवले, कोरा कागद पुढे ठेवला. “जे पाहिलंस तेवढंच लिही. ऐकलेलं नको.” मी एकेक वाक्य लिहीत गेले. तीन वाक्ये झाली. ती वाचून मुख्याध्यापकांनी काकांना विचारले, “कडी तुटल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?”

“दोनदा सांगितलं, सर,” काका म्हणाले. “तोंडीच सांगितलं. मला कुठं लिहिता येतंय नीट.”

काकांची नोकरी राहिली. कडी त्याच दिवशी बसली. ती लहान मुलगी महिन्याभराने हात गळ्यात बांधून शाळेत आली. मला शिक्षा झाली नाही. बाईंना मात्र झाली, असे मला वाटते; पर्यवेक्षकपद त्यांच्याकडे यायचे होते, ते त्या निवृत्त होईपर्यंत आले नाही. याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकलेला नाही. पुढे कित्येक दिवस शाळा सुटल्यावर त्या निवृत्तीकाकांना अर्ज लिहायला शिकवत बसलेल्या मात्र मी पाहिल्या आहेत.

त्या खोलीतून बाहेर पडताना बाईंनी माझा हात धरला होता. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. मी विचारले, “बाई, तुम्हालापण भीती वाटली?”

“खूप,” त्या म्हणाल्या. “अजून वाटतेय. चल, तास सुरू होईल.”

आज मी मुलांच्या वह्या तपासते तेव्हा दर वेळी मनात धाकधूक असते. एखाद्या छान वाक्याला मी भुलत तर नाही ना? गेल्या वर्षी बाईंना हृदयाचा त्रास झाल्याचे कळले आणि मी मिळेल त्या एसटीने नाशिकला आले. दवाखान्याच्या बाकावर बसून होते, आणि बाई नसतील तर अडल्यावर कुणाला विचारायचे, हाच विचार डोक्यात होता. बाई त्यातून सुखरूप उठल्या. आता दर रविवारी वस्तीतल्या मुली पुन्हा त्यांच्याकडे लिहायला बसतात.

बाई, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, जिने सावकाश चढा. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हे मागताना त्यात माझा स्वार्थही आहे. आम्ही मोठ्या झालो, शिकवायला लागलो, तरी आमची भीती गेलेली नाही; ती वाटली की येऊन बसायला तुमचे घर पुढची कित्येक वर्षे आम्हाला हवे आहे.