नळाला आलं की चहा

भाईंदर पूर्वेला भाजीवाल्याशी "भैया, कोथिंबीर तो डालो" म्हणून हुज्जत घालत होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. "तुझी मावशी दुपारी झोपली, ती उठलीच नाही गं..." पिशवी तिथेच टाकून मी धावले. जेसल पार्कातल्या तिच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच, ही बाई अशी गपचूप जाईलच कशी? आयुष्यात एकही गोष्ट तिने गपचूप केली नाही.

सुमनमावशी आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सेक्रेटरी. गाव कोकणात, आमची बौद्धवाडी टेकडीवर पार वर. लहानपणी तिने खालच्या विहिरीवरून हंडे वाहिले होते. म्हणून नळपाणी योजनेला सरकारी अनुदान मिळावं यासाठी भाईंदरहून तिने इतके खेटे घातले, की कचेरीतले लोक तिला बघून आपणहून खुर्ची पुढे करायचे. अनुदान मिळालं, टाकी झाली, पाइप पडले. खालच्या गावात नळ धो धो वाहायला लागले आणि आमच्या वाडीतल्या नळांना नुसती हवा!

सरपंचांना ग्रामसभेत काम पूर्ण झाल्याचा ठराव हवा होता, म्हणजे अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटेल. वाडीचं नंतर बघू, म्हणाले. हप्ता मिळाला की ठेकेदार पुन्हा तोंड दाखवणार नाही आणि वाडी जन्मभर कोरडी राहणार, हे मावशी पुरती ओळखून होती. पण ती भांडली नाही. सभेआधी तिने सरपंच, सदस्य, इंजिनिअर साहेब, सगळ्यांना वाडीतल्या घरी चहाला बोलावलं. तिच्यासोबत गावी गेलेली मी तर चाटच पडले.

ऐन उन्हात मंडळी घामाघूम होऊन वर आली. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी, मग चहा. आणि चहा न घेता उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. माठातलं पाणी मावशीने सकाळीच झाडांना घातलं होतं. तिने रिकामं पातेलं अंगणातल्या नळाखाली ठेवलं आणि पदराने वारा घेत म्हणाली, "बसा. नळाला आलं की चहा टाकते."

बसले बिचारे! मी शहाणी, पर्समधून पाण्याची बाटली काढायला गेले, तर तिने असे डोळे वटारले की बाटली परत आत. गप्पा संपल्या, घसे सुकले, पण उठायची कुणाची छाती होईना. शेवटी इंजिनिअर साहेबच म्हणाले, एवढ्या वर पाणी चढत नाही, वाडीसाठी वेगळी टाकी आणि पंप हवा.

"मग तेच ठरावात घाला," मावशी म्हणाली.

घातलं. हप्ता थांबला, ठेकेदार निमूट परत आला, टाकी उभी राहिली. वाडीत पाणी आलं त्या दिवशी त्याच मंडळींना तिने आग्रह करकरून चहा पाजला.

जेसल पार्कला फिल्टर भरलेला असला तरी ती पातेलं थेट नळाखाली धरायची. खात्री केलेली बरी, म्हणायची. मी हसायचे. आता त्या ओट्याशी उभं राहिलं की रडू येतं...

परवा मावशीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, गावी गेलो होतो. तेव्हाचे सरपंच, आता पार थकलेले, काठी टेकत टेकडी चढून आले. मी चहा टाकायला उठले, तर त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, अंगणात गेले आणि स्वतः नळाखाली धरलं. भरलेलं पातेलं माझ्या हातात देत म्हणाले, "आलंय गो. टाक चहा."