तार तुटते ती कशानं

वाइंडिंग खात्यात सगळे तिला मोठीबाई म्हणत. पंपाच्या मोटरीत तांब्याची बारीक तार वेढ्यावेढ्यानं भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकोणीस वर्षं तिनं तेच केलं. मग तार भरणारं यंत्र आलं, साहेबांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, आणि मोठीबाईची रवानगी पॅकिंगला झाली. तिथं नऊ वर्षं तिनं खोक्यांना पट्ट्या आवळल्या.

आता पॅकिंगलाही यंत्र येणार होतं. फोरमन म्हणाला, "मोठीबाई, जुन्या घडणीच्या मोटरी यंत्रात बसत नाहीत. एक भरून दाखवा. जमलं तर वाइंडिंगला परत घेतो. नाहीतर माझ्याही हातात काही नाही."

"त्यात काय एवढं?" ती तोऱ्यात म्हणाली. नवरा आजारपणामुळे घरी बसलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तोरा सोडून चालणार कसं?

पहिली तार विसाव्या वेढ्याला तुटली. दुसरी दहाव्याला. तिसरी तर सुरुवातीलाच. फोरमन उगाच खिडकीबाहेर बघू लागला. भला माणूस, त्याला बघवेना. मोठीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर जे येत होतं तेच आता येईना, याची तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

चौथी तार घेताना तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. डावा पुढे, उजवा मागे, टाच रोवलेली. अगं बाई! ही तर पट्टी आवळायची तऱ्हा. नऊ वर्षं अंगाचा भार टाकून ओढायची सवय, ती आता बिचाऱ्या तारेच्या मुळावर आली होती. वाइंडिंग ती कायम बसून करायची.

"स्टूल द्या," ती म्हणाली.

"दमलात का?"

"दमायला काय झालंय मला? द्या आधी."

ती बसली. कोपर मांडीवर टेकलं, तसा खांद्यातला जोर ओसरला. तार हातातून अलगद सुटू लागली, खाचेत मुकाट बसू लागली. दुपारपर्यंत मोटर भरून झाली. फोरमननं मीटर लावून पाहिला, मग बटण दाबलं. मोटर फिरली, तीही कुरकुर न करता.

"सोमवारपासून इथंच या," फोरमन म्हणाला, आणि तिच्याआधी त्यानंच सुस्कारा सोडला.

मोठीबाईचा जीव भांड्यात पडला. जिन्यात जाऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. नोकरी राहिली, हे सांगायचं ती साफ विसरली.

"अहो, मी विसरले नव्हते," एवढंच म्हणाली, आणि पायरीवर बसून मनसोक्त रडली.