बसलेला आवाज

बस स्टँडवर तिला सगळे माईकताई म्हणत. फलाटांच्या डोक्यावर काचेची एक खोली होती. कोणती गाडी कुठे लागली, कोणती सुटते आहे, कुणाचं पोर हरवलंय, हे सगळं ती तिथे बसून सांगायची. बसून हे आपलं म्हणायला. खुर्ची असूनही ती उभीच असे. एका हाताने माईकचं बटण दाबायचं, दुसऱ्या हाताने काच पुसायची आणि तेवढ्यात वाकून बघायचं, गाडी सोडून कोणता ड्रायव्हर चहाला पळाला. बाजारात तिने टोमॅटोचा भाव विचारला की लोक वळून बघायचे. आवाज ओळखीचा, चेहरा मात्र कधी न पाहिलेला.

तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. गडी एकदम शांत. "घरी आल्यावर तरी बटण सोडत जा गं," म्हणायचा. त्यावर ती दुप्पट बोलायची.

एका सकाळी पहिल्याच गाडीला तिचा आवाज मधेच फाटला. खालून एक ड्रायव्हर ओरडला, "आज वर कुणाला बसवलंय? बाप्याला?" फलाटभर हशा पिकला. तीही हसली.

गुळण्या झाल्या, वाफारे झाले. आवाज काही सुटेना. तेव्हा ती गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडे गेली. लग्न होऊन आल्यापासून घरातल्या सगळ्यांची दुखणी याच डॉक्टरांनी पाहिली होती. त्यांनी बॅटरी मारून घसा पाहिला.

"आवाजाचंच काम तुमचं. गळा शिणलाय. आठवडाभर तोंडाला कुलूप."

"कुलूप मी लावून पाहिलंय डॉक्टर," नवरा म्हणाला, "टिकत नाही. तुम्ही औषधच द्या."

आठवडा गेला, महिना गेला. मग डॉक्टर म्हणाले, पोटातलं पित्त वर येतंय. पित्ताच्या गोळ्या संपल्या तेव्हा म्हणाले, स्टँडवरचा धूर आणि धूळ, ॲलर्जी असणार. प्रत्येक वेळचं बोलणं पटण्यासारखंच होतं, खरी पंचाईत तीच होती. तिनेही प्रत्येक वेळी मान डोलावली, गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि धावत कामावर गेली.

पण कामच हातातून निसटत होतं. गाडी कुठे लागली ते ऐकू येत नाही, अशी प्रवाशांची ओरड सुरू झाली. स्टँडच्या मॅनेजरने तिला खाली, सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. "आवाज सुटेपर्यंतच हं ताई," तो म्हणाला. त्या खोलीत छत्र्या, डबे, एकेकटे बूट आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं. तिने छत्र्या रंगाप्रमाणे लावल्या, मग उंचीप्रमाणे लावल्या, मग कंटाळून पुन्हा रंगाप्रमाणे. वर कर्ण्यातून दुसऱ्याच बाईचा आवाज यायचा. तो ऐकला की हिच्या घशात काहीतरी अडकायचं आणि खोकला सुरू व्हायचा. तो थांबता थांबत नसे.

शेवटी डॉक्टरांनी तिला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे धाडलं. त्याच्याकडे नंबर लागायलाच बरेच दिवस गेले. त्याने नाकातून बारीक नळी घालून पाहिलं. "एका बाजूचा स्वरतंतू हलतच नाहीये," तो म्हणाला. "कारण घशात नसेल. छातीचा फोटो काढून घ्या."

फोटोत डाव्या बाजूला वर पांढुरका डाग होता. तो घेऊन ती परत गल्लीतल्या डॉक्टरांकडेच गेली. माणूस जवळचा आणि विश्वासाचा. त्यांनी थुंकी तपासून घेतली, मग फोटो पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला. "टीबी. थुंकीत काही सापडलं नाही खरं, पण कधीकधी सापडत नाही. औषध सुरू करू. आणि सावकाश एक स्कॅन काढून ठेवा."

तिचा जीव भांड्यात पडला. दुखण्याला नाव मिळालं होतं, आणि ते बरं होणारं होतं. आता गोळ्या गिळायच्या आणि वर काचेच्या खोलीत परतायचं, बस्स.

स्कॅनची तारीख मिळाली. नेमका त्याच दिवशी मॅनेजरचा निरोप आला, माईकवर आवाज तपासून बघू. तिने दोन्हींचा विचार केला. खरं तर फारसा केलाच नाही. स्कॅन काय, पुन्हा निघेल. ती वर गेली, बटण दाबलं. कर्ण्यातून नुसता वारा आल्यासारखी खरखर बाहेर पडली. मॅनेजर खाली बघत राहिला. स्कॅनची पुढची तारीख फार लांबची मिळाली.

गोळ्या चालू होत्या. तिचं वजन उतरत होतं. "औषध कडक आहे, होतं असं," डॉक्टर म्हणाले. घरात ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राही. कपाट उघडायचं, बंद करायचं, धुतलेली भांडी परत धुवायची.

"बस ना जरा," नवरा म्हणायचा.

"बसून काय करू?" ती कुजबुजायची. आता कुजबुजच उरली होती.

मोठी नणंद शिवणकाम करायची. तिच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. एका दुपारी माईकताई ब्लाउज आणायला गेली आणि दुसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबली. नणंदेने मशीन थांबवलं.

"वहिनी, कधीपासून हे?"

"काही नाही वन्सं. औषधाचा अशक्तपणा."

"कसला डोंबलाचा अशक्तपणा! चपला काढू नकोस. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"यांना विचारून..."

"त्याला काय विचारायचं? माझा भाऊ आहे तो. त्याला विचारलं तर म्हणेल, बघू उद्या."

मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मग तिचा चेहरा, मग गळ्याखालच्या खड्ड्यात बोटांनी चाचपलं. स्कॅन त्याच दिवशी काढून घेतला. नंतर पाठीतून सुई घालून तपासायला आतला तुकडा काढला.

आणि मग सुरू झालं थांबणं. तुकडा लहान पडला, पुन्हा काढावा लागला. दुसऱ्यांदा काढला, तर अहवाल येईना. खिडकीवरचा माणूस रोज म्हणायचा, "उद्या या." ती काचेला तोंड लावून विचारायची, पण मागच्या लोकांच्या गलक्यात तिची कुजबुज विरून जायची. "काय? मोठ्याने बोला," तो म्हणायचा. एके काळी अख्खं स्टँड जिच्या शब्दावर हलायचं, तिला हातभर अंतरावरचा माणूस ऐकत नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ रांग सोडून निघाली, जिना उतरून तळघरात प्रयोगशाळेत शिरली आणि पहिल्या दिसेल त्या माणसाचा कोट धरला.

"माझा तुकडा कुठंय?"

माणूस गांगरला. शोधाशोध झाली. तुकडा तिथेच होता. बाहेरगावी पाठवायचे नमुने पेटी भरली की एकदमच जायचे, आणि पेटी अजून भरली नव्हती.

"आज पाठवा," ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

आणि ती खरोखर उभी राहिली. नणंद मागून धापा टाकत आली आणि तीही शेजारी उभी ठाकली. दुपारच्या आत पेटी गेली.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघा नवराबायकोला आत बसवून दार लोटून घेतलं. फुप्फुसाचा कॅन्सर. छातीच्या मधल्या गाठींमध्ये उतरलेला. तिथल्याच गाठीने आवाजाची नस दाबून धरली होती.

"पण मी तर विडी-सिगरेटला कधी..."

"न ओढणाऱ्यांनाही होतो. म्हणूनच लवकर कुणाच्या मनात येत नाही."

"कापून काढाल ना?"

"आता नाही काढता येणार."

"आवाज गेला तेव्हाच आले असते तर?"

"तेव्हा कदाचित बरंच काही करता आलं असतं. नक्की नाही सांगता येत. खोटं मी बोलणार नाही."

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. नवरा खुर्चीत तसाच होता. घरी गेल्यावर त्याने चांगला चालू असलेला फ्रिज उघडून त्याचे सगळे स्क्रू काढले आणि सुट्ट्या भागांमध्ये बसून राहिला. तिने ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ती त्याच्याजवळ खाली फरशीवर टेकली.

"आधी दूध बाहेर काढायचं तरी," ती म्हणाली.

तो हसायला गेला आणि रडला.

त्या तुकड्याच्या आणखी एका तपासणीत निघालं, की तिच्या प्रकारच्या कॅन्सरवर रोजची एक गोळी लागू पडेल. त्या गोळीने तोंड आलं, चेहऱ्यावर पुरळ उठला, नखांच्या कडा चिघळल्या. पण खोकला ओसरला, कुजबुजीच्या जागी घोगरा आवाज फुटू लागला. पायऱ्या एका दमात चढता येऊ लागल्या. पुढच्या स्कॅनमध्ये डाग आक्रसलेला दिसला. "बरी झाले का?" तिने विचारलं. "आटोक्यात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यापुढे त्या कधीच गेल्या नाहीत.

जरा ताकद आल्यावर ती एकटीच गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. काय काय बोलायचं ते तिने वाटेत घोळवलं होतं. शिव्यासुद्धा होत्या त्यात. तिला पाहून डॉक्टर उभे राहिले. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"माझ्या डोक्यातच आलं नाही हो," ते म्हणाले. हातातला स्टेथोस्कोप ते उगाच गुंडाळत होते. "इतकी वर्षं बघतोय तुम्हाला..."

एवढा म्हातारा झालाय हा माणूस, तिच्या मनात आलं. राग गेला नव्हता. पण घोळवलेलं एकही वाक्य आठवेना, आणि आठवलं असतं तरी तेवढा दम नव्हता. बाहेर बाकावर एक बाई तोंडावर पदर धरून खोकत होती. माईकताईने तिच्याकडे बोट केलं.

"किती दिवसांचा खोकला आहे ते आधी विचारा तिला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि फोटो काढायला लावा."

डॉक्टरांनी मान हलवली. ती बाकापाशी थांबली, बाईला म्हणाली, "काढल्याशिवाय जाऊ नका हं," आणि बाहेर पडली.

आता ती चौकशीच्या खिडकीवर असते. आवाज खरखरीत आहे, पण काचेपलीकडे पोचतो. खुर्चीवर अजूनही बसत नाही. दर स्कॅनच्या आधीचा आठवडा घरात कुणालाच झोप नसते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालते आणि नणंद बाकावरून म्हणते, "वहिनी, फरशी झिजेल." परवाही तसंच चाललं होतं. आतून नंबर पुकारला गेला तेव्हा ती लांबच्या टोकाला होती. पर्स नणंदेच्या मांडीवर टाकून ती धावतच आत गेली.