अकराव्या किलोमीटरची मिसिंग

ऑगस्टमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, लोणावळ्याच्या एका गॅरेजात आमच्या एकोणीस वर्षांच्या मोटारसायकलची किंमत नऊ हजार रुपये ठरली. हजर तिघे: गॅरेजवाला, मी आणि माझी बायको. गाडी बायकोच्या नावावर आहे, म्हणून ती बरोबर होती. गॅरेजवाल्याने पाचशे रुपये विसार म्हणून माझ्या हातावर ठेवले. शनिवारी गाडी आणि कागद द्यायचे, सह्या तेव्हाच करायच्या.

गाडी विकायची मला हौस नव्हती. मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या कोठारावर हिशेबाला आहे. भाजीचा टेम्पो पावणेसहाला येतो, किल्ली माझ्याकडे असते, आणि आम्ही राहतो त्या कान्ह्याहून त्या वेळेला पोचवणारी लोकल नाही. गाडी गेली की नवी घेणं आलं, नवी म्हणजे हप्ते, आणि हप्त्याने मी आजवर पंखासुद्धा घेतलेला नाही. पण जुलैपासून गाडी चौदा वेळा रस्त्यात उभी राहिली होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय आणि कोठाराला कुलूप, असं तीनदा झालं. चौथ्यांदा झालं तर किल्ली दुसऱ्याकडे जाईल, असं मॅनेजरने सांगून ठेवलं होतं.

या दुखण्याला आमच्याकडे ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन एकसुरात चालता चालता एक ठोका गाळतं, मग दोन गाळतं, चढाला मागून कुणी धरल्यासारखी गाडी अडखळते आणि बंद पडते. शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की मेकॅनिकला रोग ओळखल्याचं समाधान मिळतं आणि गिऱ्हाइकाला पुढचं काही विचारता येत नाही.

पहिला इलाज कामशेतला झाला. तिथला मेकॅनिक वयाने माझ्याएवढाच, तरी मला भाऊ म्हणतो. त्याने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, गाडी हलवून पेट्रोल असल्याची खात्री केली, झाकण लावलं आणि प्लग काढला.

“प्लग गेलाय भाऊ. लय काळा पडलाय.”

प्लग काळा नव्हता. कोरडा आणि पांढुरका होता. मी तसं म्हटलं.

“तुमी हिसाबाचं बगा. प्लगचं आमाला कळतंय.”

“अहो, पण पांढरा दिसतोय.”

“पांढरा बी खराबच असतोय.”

काळा खराब आणि पांढराही खराब असेल, तर मुळात बघायचा कशाला, हा प्रश्न मी गिळला. नवा प्लग बसला, गाडी फुर्रकन निघाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. मग कारबोरेटरमध्ये ‘कचरा आला’. तो तीनदा साफ केला आणि तिन्ही वेळा कचरा आलेला होता. दाखवला मात्र एकदाही नाही. मग कॉइल बदलली. प्रत्येक वेळी आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचं आणि मग आपापली विद्या चालवायची. आणि प्रत्येक विद्या साधारण अकरा किलोमीटर टिकायची.

अकरा हा आकडा मी उगाच देत नाही. दर बिघाडाची मी वहीत नोंद केली होती: वार, वेळ, पाऊस, टाकीतलं पेट्रोल, अंतर. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर गाडी पाच-सहा किलोमीटरवर थांबे, अर्धी असेल तर अकरावर, तळाला आलेली असेल तर वीस किलोमीटर पार करी. जास्त पेट्रोलवर कमी चालणारी गाडी जगात दुसरी नसेल. मी ते पान कामशेतच्या मेकॅनिकला दाखवलं. “पंपावाल्यानी भेसळ केली आसंल,” एवढं म्हणून त्याने वहीवर पाना ठेवला.

लोणावळ्याच्या गॅरेजवाल्याला वही बघायचीही गरज वाटली नाही. त्याने झाकण उघडलं, झाकण लावलं, किक मारली आणि कान वाकडा केला.

“सर, इंजिन संपलंय. रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं. साडेचौदा हजार खर्च, आणि गॅरंटी नाही. त्यापेक्षा मला देऊन टाका.”

संपलेलं इंजिन हा माणूस नऊ हजारांना कशासाठी घेतोय, हे मला तेव्हा सुचलं नाही. हिशेबनीस म्हणवून घेणाऱ्याला ते सुचायला हवं होतं.

परत निघालो. कार्ला फाट्यापुढे गाडी अडखळली आणि थांबली. मीटर बघितला: अकरा. पाऊस बारीक होता. मी सवयीने झाकण उघडलं.

“हे ऐकलंत?” बायको मागून म्हणाली.

“काय?”

“फुस्स झालं. कामशेतला मी बरोबर होते तेव्हा पण झालं होतं, आणि आत्ता गॅरेजातही. तुमच्या वहीत लिहिलंय का ते?”

“त्यात लिहिण्यासारखं काय आहे?”

“तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा एकदा. थोडं येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. एवढं कुठल्याही बाईला माहीत असतं. या टाकीचं दुसरं भोक कुठंय?”

दुसरं भोक झाकणात होतं, किल्लीच्या फटीशेजारी, सुईच्या अग्राएवढं. ते जूनअखेर मीच बुजवलं होतं. आमच्याकडचा पाऊस टाकीत उतरतो म्हणून, नळाच्या गळतीला लावतात ती दोन रंगांची पुट्टी मळून, बोटाने नीट गुळगुळीत करून. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यावी लागते. भरल्या टाकीत आधीच हवा कमी, म्हणून ती लवकर अडे. झाकण उघडलं की हवा शिरे, गाडी चाले, आणि श्रेय त्या दिवशीच्या इलाजाला मिळे. वहीत चौदा बिघाड होते, पाच रकाने होते, आणि झाकण उघडल्याचा उल्लेख एकदाही नव्हता. मेकॅनिकांना हसायचा माझा हक्क तिथेच संपतो. तरी मी हसतो, कारण त्या भोकासमोर नाक नेऊनही कुणाला ते दिसलं नव्हतं.

बायकोने मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टीपिन काढून दिली. पुट्टी फुटायला दहा मिनिटं लागली. त्या दिवसापासून गुरुवार संध्याकाळपर्यंत गाडी ब्याण्णव किलोमीटर चालली आणि एकही ठोका गाळला नाही. पावसात आता झाकणावर सैल पिशवी टाकतो.

शुक्रवारी आम्ही दोघं गॅरेजात विसार परत करायला गेलो.

“सर, विसार मोडला की दुप्पट परत,” गॅरेजवाला म्हणाला. “रीत आहे.”

“गाडी माझ्या नावावर आहे,” बायको म्हणाली. “मी कुठं शब्द दिला होता?”

“मॅडम, तुम्ही समोरच होतात की.”

“समोर तर गाडी पण होती. तिला विचारलंत का, इंजिन संपलंय म्हणून?”

तो हसला नाही. बाहेर आमची गाडी चालू ठेवली होती; तिचा एकसारखा आवाज त्यालाही ऐकू येत होता. तो पाचशेवर आला, आणि वर तपासणीचे दोनशे म्हणाला. तपासणी म्हणजे झाकण उघडणं आणि कान वाकडा करणं. पण शब्द मी दिला होता, बायकोने नव्हे, म्हणून वाद वाढवला नाही. विसाराचे पाचशे आणि तपासणीचे दोनशे, एकूण सातशे रुपये मी लोणावळ्याच्या गॅरेजवाल्याला मोजून दिले. पावती मागितली. ती त्याने दिली नाही.